वरच्या खिडकीतली बाई

भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता, आणि आता बसलाय असंही मला वाटत नाही. माझं माहेर अळणावरजवळच्या खेड्यातलं. तिथं अमावास्येला कुणाच्या ना कुणाच्या अंगात यायचं. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी असायची, आणि माझं लक्ष एवढ्याकडंच असायचं की अंगात आलेल्या बाईला पदर सावरायची शुद्ध आहे की नाही. बहुतेकींना असायची. तेव्हापासून माझं मत ठरलं ते ठरलंच.

माझी मुलगी रेणू मी स्वयंपाक करताना मोबाईलवर लोकांचे असले अनुभव वाचून दाखवते. कुणाला घाटात बाई दिसते, कुणाच्या दारावर थाप पडते. मी म्हणते, भाकरी करपतीय, इकडं बघ. पण माझ्या बाबतीत जे झालं ते मला कुणाला बोलून सांगता आलं नाही. चारचौघांत मला बोलताच येत नाही, पहिल्यापासून. लिहिता येतं. चौथीपर्यंत मराठी शाळेत गेले, अक्षर बरं आहे. म्हणून रेणूच्या कॉलेजच्या उरलेल्या कागदांवर लिहिते आहे. वाचणारे तुम्ही कोण असाल मला माहीत नाही, आणि तेच बरं आहे... तोंड दाखवावं लागत नाही.

तोंडापासूनच सुरुवात करायला हवी.

रेणू लहान असताना माझ्या खालच्या ओठाच्या कडेला पांढरा डाग उठला. मग तो हनुवटीवर उतरला, तिथून गळ्यापर्यंत गेला आणि थांबला. कोड. डॉक्टर म्हणाले, हा लागत नाही, पसरला तर पसरतो, दुखत मात्र नाही. दुखत नाही हे त्यांचं खरं नाही. तेव्हापासून मी पदर नाकापर्यंत घेते आणि त्याचं टोक दातात धरते. गल्लीत सगळ्यांना वाटतं बाई फार लाजरी आहे. लाजरी मी आधीपासून आहेच, त्यामुळं कुणी जास्त विचारत नाही. फोटो काढायचा म्हटलं की मी चहा टाकायला आत जाते. आधार कार्डावर माझे डोळे मिटलेले आहेत, आणि ते मी मुद्दाम मिटले होते असं रेणू म्हणते.

आम्ही हुबळीत राहतो, कमरीपेठेत. आमच्या गल्लीच्या शेवटी कापसाचा जुना प्रेस आहे, म्हणजे सरकी काढून कापसाच्या गाठी दाबायचा कारखाना. सगळे नुसतं प्रेस म्हणतात. विटांची उंच चिमणी, करवतीच्या दातांसारखं छप्पर, आणि अंगणाच्या बाजूला एक लांबलचक दुमजली इमारत. तिला वर ओळीनं कमानीच्या खिडक्या. मी लग्न होऊन आले तेव्हाच तो बंद होता. माझे सासरे तिथं वॉचमन होते. ते गेले आणि किल्ली आमच्या घरात राहिली. मालक लांब कुठंतरी राहतात. ह्यांचं मोटार वायंडिंगचं छोटं दुकान आहे, दिवसभर ते तिथं. म्हणून प्रेसचं कुलूप काढणं, अंगण झाडणं, आत कुणी जुगार खेळायला बसत नाही ना ते बघणं, हे माझ्याकडं.

एक गोष्ट आत्ताच सांगते, पुढं ती लागणार आहे. वरच्या मजल्याला जमीन नाही. सागवानी तुळया आणि फळ्या मालकांनी कधीच काढून नेल्या, जिनाही नेला. खाली उभं राहून वर बघितलं तर सरळ छपराचे पत्रे दिसतात. खिडक्या आहेत, पण त्यांच्या मागं उभं राहायला काहीच नाही.

एका सकाळी स्कूटरवरून एक मॅडम आल्या. पाठीला पिशवी आणि मागं बांधलेला तीन पायांचा स्टँड.

"अक्का, प्रेसची किल्ली तुमच्याकडं ऐतल्ला, आहे ना?"

त्यांचं नाव सुप्रिया. धारवाडला कॉलेजात शिकवतात, राहायला रायापूरला. घरी कानडी बोलतात, मराठी बाजारात शिकल्या म्हणे, त्यामुळं दोन्ही एकत्र बोलतात. जुन्या गिरण्या, चिमण्या, गोदामं, पाण्याच्या टाक्या — असल्याचेच फोटो काढतात, तेही काळे-पांढरे, जुन्या रोलच्या कॅमेऱ्यावर. मी दाराशी उभी राहून बघायचे. त्या पुन्हा आल्या, परत परत येत राहिल्या. मग एकदा धीर करून मी विचारलं, रंगीत का नाही काढत?

"रंग असला की लोक रंगच बघतात अक्का. विटा लाल, आभाळ निळं, साकु, बास, झालं बघून. रंग काढला की भिंत दिसायला लागते."

मी म्हटलं, आणि माणसं?

"माणसं नकोत मला. माणूस आला की सगळे त्यालाच बघतात. भिंतीकडं कोण बघणार?"

हे ऐकून मला त्या आवडल्या. माणसं नकोत म्हणणारी फोटोवाली मी पहिल्यांदा बघत होते.

गल्लीतल्यांना मात्र हे पटलं नव्हतं. आमच्या शेजारच्या गंगव्वाला कळलं की फोटो काढतात, आणि ती पावडर लावून, ठेवणीतलं लुगडं नेसून चिमणीसमोरून इकडून तिकडं चालायला लागली. मी तिला हटवायला निघाले तर मॅडम हसल्या. म्हणाल्या, असू द्या. त्या लेन्सवर एक काळी काच लावायच्या, चष्म्याच्या काचेपेक्षा कितीतरी काळी. त्या काचेतून कॅमेरा फार हळू बघतो म्हणे. आपण चहा गाळून कपात ओतेपर्यंत तो उघडाच असतो. तेवढ्या वेळात जे हलतं ते फोटोत येतच नाही. जे थांबतं तेवढंच येतं.

"म्हणजे मी येणार नाही?" गंगव्वानं विचारलं.

"चालत राहिलात तर नाही. थांबलात तर याल."

"थांबायला कुठं सवड आहे मला? चुलीवर भात आहे. एवढी पावडर लावली ती वाया गेली म्हणायची." असं म्हणून ती गेली, आणि जाता जाता मला म्हणाली, "तुझ्यासाठी बरा आहे गं हा कॅमेरा."

ती सहज बोलली. गंगव्वाला माझा डाग माहीत आहे, न्हाणीत बघितलाय तिनं.

आता त्या दिवसाचं सांगते. दुपार उतरायला लागली होती. मॅडमना दुमजली इमारत सबंध हवी होती, सगळ्या खिडक्यांसकट. पण ऊन कडेनं लेन्सवर येत होतं. त्यांनी मला त्यांची काळी छत्री दिली आणि कॅमेऱ्यावर सावली धरायला सांगितलं. मी त्यांच्या उजव्या हाताला उभी होते. इतकी जवळ, की त्यांच्या ओढणीचं टोक वाऱ्यानं माझ्या हाताला लागत होतं. पदर नेहमीसारखा दातात. आवारात दुसरं कुणी नव्हतं, फाटकाला आतून कडी होती, ती मीच घातली होती. मॅडमनी कॅमेरा उघडला आणि त्या घड्याळाकडं बघत राहिल्या. माझा हात भरून आला आणि छत्री जराशी खाली आली, तशी त्यांनी मान न वळवताच बोटानं वर, वर केलं.

तेवढ्या वेळात मी त्या वरच्या खिडक्यांकडं बघत होते. मनात आलं, तिथं वारा किती येत असेल. तोंडावर सरळ येत असेल. एवढंच आलं मनात. ते मी मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर मी ह्याचा फार विचार केला.

मग खट्‌ असा आवाज झाला, मॅडम म्हणाल्या, "आयतु अक्का, झालं," आणि मी छत्री मिटली.

ह्याच सुमाराला रेणूचं लग्न जमत होतं. मुलाचं लॅमिंग्टन रोडला कापडाचं दुकान, माणसं मूळची गडहिंग्लजकडची, आता कैक वर्षं हुबळीतच. मुलगा आणि रेणू एकमेकांना ओळखत होते, दोघांच्या मनात होतं, आता फक्त मोठ्यांनी ठरवायचं होतं. मुलाच्या आई शालिनीबाई घरी येऊन गेल्या. मी पदर नाकापर्यंत घेऊन चहा आणला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले. शालिनीबाई कौतुकानं माझ्याकडं बघत म्हणाल्या, "अशी मर्यादा आता कुठं राहिलीय. आमच्या गावाकडंसुद्धा कुणी पदर घेत नाही." हे म्हणाले, "आमची ही पहिल्यापासून अशीच." मी खाली बघितलं. तेही त्यांना आवडलं.

आत आल्यावर रेणू मला हळूच म्हणाली, "आई, सांगून टाकूया ना गं."

"आधी ठरू दे," मी म्हटलं.

तुम्हाला वाटेल एवढं काय. पण आमच्याकडं आईला कोड आहे म्हटलं की पहिला प्रश्न येतो, पोरीला उद्या होणार नाही कशावरून? माझ्या नणंदेनं एक स्थळ असंच मोडलेलं बघितलं होतं. त्यामुळं ठरेपर्यंत माझ्या तोंडावरचा पदर सुटायला नको, एवढीच माझी काळजी होती. उठता-बसता तीच.

मग एके दिवशी शालिनीबाईंचा फोन आला. त्यांच्या दुकानाजवळ एका शाळेच्या हॉलमध्ये जुन्या कारखान्यांच्या फोटोंचं प्रदर्शन लागलंय, त्यात कमरीपेठेतला प्रेसही आहे म्हणे. "तुमच्या गल्लीतलाच ना? रविवारी या सगळे. फोटो बघू आणि मग घरी जेवायला." मॅडमनी मलाही बोलावलं होतं, कार्ड देऊन गेल्या होत्या. मी जाणार नव्हते. आता जावंच लागलं.

हॉलमध्ये बरीच माणसं होती. भिंतींवर सगळ्या काळ्या-पांढऱ्या इमारती. सुरुवातीला मला ओळखूच येईना की ह्या आपल्या इकडच्या. चिमण्या देवळांच्या शिखरांसारख्या दिसत होत्या. पत्र्यांवरचा गंज काळ्या मखमलीसारखा. हे खुशीत होते, जो भेटेल त्याला सांगत होते, "किल्ली आमच्याकडंच असते." आणि समोरच्या भिंतीवर सगळ्यात मोठा फोटो होता, दाराच्या फळीएवढा. आमचा प्रेस. ती दुमजली इमारत, वरच्या सगळ्या खिडक्या. त्या दुपारचाच.

शालिनीबाईंनी चष्मा लावला आणि जवळ गेल्या.

"किती साफ आलंय. वीट न्‌ वीट मोजून घ्यावी... आणि ह्या खिडकीत कोण?"

मीही बघितलं.

खिडकीत एक बाई होती. कठड्यावर दोन्ही कोपर टेकून, जरा पुढं वाकून. डोक्यावर पदर नव्हता, तो खांद्यावरून खाली लोंबत होता. कपाळावर केसांची बट आली होती. खालून कुणीतरी हाक मारावी आणि तिला हसू फुटावं तशी ती तोंड उघडून हसत होती. चेहरा सुपारीएवढा असेल, पण स्पष्ट. आणि ओठाच्या कडेपासून हनुवटीवर, हनुवटीवरून गळ्यावर पांढरा डाग. काळ्या-पांढऱ्यात तो आणखीच पांढरा दिसत होता. तिनं तो झाकला नव्हता. उन्हाकडं धरला होता.

अंगावरचं इरकल लुगडं माझंच होतं. नाक, कपाळ, सगळं माझं. मी मला असं कधी बघितलं नाही, तरी आपण आपल्याला ओळखतोच.

ह्यांनी बघितलं. रेणूनं बघितलं. शालिनीबाईंनी आधी फोटोकडं, मग माझ्याकडं बघितलं. माझा पदर नाकापर्यंत होता, तो मी डोळ्यांखालपर्यंत ओढला.

"वहिनी, ह्या तुमच्यासारख्या दिसतात," त्या म्हणाल्या. "साडीसुद्धा."

"ती मी नव्हे," मी म्हटलं.

एवढ्या माणसांत एवढं मोठ्यानं मी जन्मात पहिल्यांदा बोलले. शेजारची माणसं वळून बघायला लागली.

सुप्रिया मॅडम कुणाशी तरी बोलत होत्या, त्या आल्या. त्यांनी फोटो बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. नंतर त्यांनी मला सांगितलं की घरी काढलेल्या लहान प्रिंटमध्ये त्या जागी एक पांढरा ठिपका होता, तो त्यांना पारवा वाटला. मोठा प्रिंट बेंगळूरहून आदल्या दिवशीच आला, त्यांच्या कॉलेजच्या पोरांनी परस्पर लावला, आणि प्रदर्शनाच्या धावपळीत त्यांनी तो लांबूनच बघितला. पण त्या वेळी त्यांनी सगळ्यांसमोर जे खरं होतं तेच सांगितलं. "अक्का माझ्या बाजूलाच उभ्या होत्या. हे बघा," म्हणून वरच्या कोपऱ्यात बोट लावलं. तिथं छत्रीच्या काडीचं पुसटसं काळं टोक आलं होतं. "ही छत्री अक्कांच्या हातात आहे. त्या वर कशा असतील?"

ह्यांना तेवढाच आधार मिळाला. "आणि वर जमीनच नाही. माणूस उभा कुठं राहणार तिथं?"

हे सगळं खरं होतं. त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. तरी माझे कान इतके तापले होते की हॉलमधला पंखा मला लागत नव्हता. मी शालिनीबाईंकडं बघू शकले नाही. त्या "असेल कुणी" म्हणाल्या आणि पुढच्या फोटोकडं गेल्या.

त्यांच्या घरी जेवताना मी भिंतीकडं तोंड करून बसले. शालिनीबाईंनी वाढताना माझ्या ताटात पुरणपोळीवर तूप जास्त सोडलं, आणि तेच मनाला जास्त लागलं.

घरी आल्यावर साड्यांच्या घड्या घालताना रेणू म्हणाली, "आई, ती तूच होतीस."

"मी खाली होते गं. मॅडमनी सांगितलं ना."

"माहितीय तू खाली होतीस. तरी ती तूच होतीस." घडी नीट बसेना म्हणून तिनं ती परत मोडली. "मी तुला असं हसताना कधी बघितलं नाही. आणि पहिल्यांदा बघितलं तर तू सगळ्यांसमोर म्हणालीस, ती मी नव्हे."

मी ती साडी तिच्या हातातून घेतली. खरं सांगितल्याची पोरीपुढं लाज वाटावी, असं आधी कधी झालं नव्हतं.

प्रदर्शन संपल्यावर मॅडम एके दिवशी दुपारी घरी आल्या. त्यांच्या हातात कागदात गुंडाळलेला एक प्रिंट होता. त्याच फोटोचा, पण पुस्तकाएवढा. "तुमच्यासाठी परत काढला अक्का, स्वतः. आणि काढला तेव्हा..." एवढं बोलून त्यांनी तो चटईवर पसरला.

इमारत तीच. ऊन तेच. छत्रीच्या काडीचं टोक त्याच कोपऱ्यात. खिडकी रिकामी.

मी भिंतीवरचा आरसा काढून उजेड त्याच्यावर पाडला. काही नाही. खिडकीच्या कमानीत नुसता काळोख.

"मोठा प्रिंट माझ्या घरी आहे. त्यात त्या अजून आहेत," मॅडम म्हणाल्या. "हा त्याच फिल्मवरून काढला. फिल्म मी भिंगाखाली बघितली अक्का. तिच्यातपण आता कुणी नाही." त्यांनी मला काचेवर काचा, उजेड, रसायनं असं बरंच समजावून सांगितलं. मला त्यातलं थोडं कळलं. पण सांगता सांगता त्याच थांबल्या. म्हणाल्या, "ह्यातलं काहीच लागू होत नाही. मी इतकी वर्षं हेच करते आहे. मला माहीत नाही, अक्का."

त्या गेल्यावर मी त्या रिकाम्या खिडकीकडं बघत बसले. मला भीती वाटायला हवी होती. भीती वाटली नाही. दारात आलेल्या माणसाला पाणीही न विचारता परत पाठवावं, आणि नंतर आठवावं की अरे, ती आपलीच कुणीतरी होती... तसं वाटलं. ती थांबली होती. त्या कॅमेऱ्यात जे थांबतं तेच येतं. मी छत्री हलवत होते, पदर ओढत होते, आणि ती तेवढा सबंध वेळ वाऱ्यात तोंड धरून थांबली होती. आणि मी तिला म्हटलं, ही माझी कुणी नव्हे.

दुसऱ्या दिवशी ह्यांना न सांगता मी रेणूला घेऊन लॅमिंग्टन रोडला गेले. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं. शालिनीबाई गल्ल्यावर एकट्याच होत्या. त्यांनी आम्हाला आत, कापडाच्या ताग्यांमागं नेलं, पोत्यावर बसवलं. बोलायचं काय ते मी वाटेत बसमध्ये पाठ केलं होतं, ते सगळं विसरले. मी नुसता दातातला पदर सोडला आणि तोंडावरून खाली घेतला.

त्या बघत राहिल्या. मी डोळे मिटले नाहीत, एवढं मात्र केलं.

"खिडकीतली ती मीच होते," मी म्हटलं.

"कळलं होतं मला तिथंच," शालिनीबाई म्हणाल्या. "तुमची रेणू हसली की तिची हनुवटी अशीच वर जाते. ते बघूनच कळलं."

"मग तुम्ही बोलला नाहीत..."

"काय बोलायचं? तुम्ही तोंडावर नाही म्हणालात. त्या मॅडमसुद्धा तुमच्या बाजूनं बोलायला लागल्या, छत्री काय, न्‌ काय." त्यांनी एक तागा उगाच सरळ केला. "डागाचं घरात काय म्हणतील ते माझ्यावर सोडा. होईल कुरबूर, नाही असं नाही. पण वहिनी, मला त्या डागाचं काही वाटलं नव्हतं. तुम्ही खोटं बोललात त्याचं वाईट वाटलं."

रेणूनं तोंड उघडलं. तिला सांगायचं होतं की आई खोटं बोलली नव्हती. मी तिचा हात दाबला.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

दुसरं काय म्हणणार होते? हॉलमधलं माझं बोलणं खरं होतं असं म्हटलं असतं, तर जे तोंड उघडं करायला मी तिथवर गेले होते, तेच पुन्हा झाकल्यासारखं झालं असतं. त्यांनी मला चहा दिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा परक्या ठिकाणी, परक्या माणसासमोर मी बशी ओठाला लावून चहा प्याले. चहा साडीवर सांडला तेव्हा शालिनीबाई म्हणाल्या, "राहू द्या, आमच्याकडं साड्यांना तोटा नाही," आणि रेणू हसली. हनुवटी वर गेली.

कुरबूर झाली. मुलाच्या काकांनी निरोप धाडला की जरा थांबून बघू. हे माझ्यावर चिडले, जेवले नाहीत, सांगायची काय गरज होती म्हणाले. मग मुलगाच अडून बसला आणि शालिनीबाईंनी काकांना काय सांगितलं देव जाणे... साखरपुडा झाला. त्याचे फोटो रंगीत आहेत. एकात मी पदर न घेता उभी आहे, पण डोळे मिटलेले. ह्या वेळी मुद्दाम मिटले नव्हते.

मोठा प्रिंट मॅडमनी मला आणून दिला. घरात ठेवायला त्यांना नको वाटत होतं, तसं त्या बोलल्या नाहीत, पण मला कळलं. तो गुंडाळी करून ट्रंकेत ठेवलाय. ती त्यात अजून हसते आहे. रेणू म्हणते, भिंतीला लाव. माझा अजून धीर होत नाही.

प्रेसचं अंगण अजून मीच झाडते. कधी आत जाऊन वर बघते. त्या खिडकीमागं जमीन नाही, जिना नाही, नुसते पत्रे आणि त्यांच्या भोकांतून येणारं ऊन. खाली आमच्या गल्लीचा आवाज येतो, गंगव्वा कुणाला तरी ओरडत असते. ती बाई तिथं कशी आली, तिथून कुठं गेली, एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर का नाही, ह्याचं उत्तर मॅडमकडं नाही आणि माझ्याकडंही नाही. कुणाकडं असेल तर ते मला मिळणारही नाही, कारण हे मी कुणाला दाखवेन की नाही तेच अजून ठरत नाही.

मला एकच गोष्ट लिहून ठेवायची होती. त्या बाईबद्दल मला दोनदा बोलावं लागलं. हॉलमध्ये मी खरं बोलले, दुकानात खोटं. दुकानातलं मी विसरूनही गेले. हॉलमधलं आठवलं की भाकरी थापता थापता अजून माझे कान तापतात.